जतन करणे म्हणजे काय?

एखादी वस्तू आपल्या घरात आहे, एवढ्यावरून आपण ती जतन केली असे म्हणता येईल काय? प्रश्न साधा दिसतो, पण हल्ली घरोघरी त्याला नवे रूप आले आहे. आईवडिलांची छायाचित्रे, मायदेशाहून आलेली पत्रे, जुन्या कॅसेटवरची वडीलधाऱ्यांच्या आवाजातील मराठी गाणी, लग्नाच्या फिती, हे सारे आता संगणकात उतरवून ठेवण्याची पद्धत पडली आहे. साउथहॅम्प्टनमधील आपल्या ओळखीच्या अनेक कुटुंबांत राउटरशेजारी एक लहानशी काळी पेटी दिसते. तिच्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क बसवलेल्या असतात आणि घरातील सर्वांचे फोन व संगणक तिच्याशी जोडलेले असतात. पेटी आणली, दिवे लुकलुकू लागले, की घरधनी निःश्वास टाकतो, "चला, सगळे सुरक्षित झाले!" या निःश्वासाचाच थोडा विचार करावा, असे मला वाटते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या साऱ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या फोनवरचे एकच छायाचित्रही कधी कधी तेवढी जागा खाते. आकार बदलला, तरी मूळ रचना तीच राहिली. तबकडी फिरते, साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, आणि तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून वाचणारे टोक तरंगत असते. अशी वस्तू रात्रंदिवस चालू राहिली की झिजणारच. विकणाराही तिची हमी बहुधा तीन ते पाच वर्षांचीच देतो. म्हणजे ज्या वस्तूवर आपण पिढ्यांची आठवण सोपवतो, तिच्याविषयी तिचा कर्ताच पाच वर्षांपलीकडे शब्द देत नाही.

म्हणून शहाणी माणसे दोन डिस्क बसवून एकीवर लिहिलेले ते दुसरीवरही उमटेल अशी व्यवस्था करतात. एक बंद पडली तरी दुसरी काम देते. ही व्यवस्था चांगलीच आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती आरसा आहे. माणसाने चेहऱ्याला काळे फासले की आरशातल्या चेहऱ्यालाही ते फासले जाते. नातवाने चुकून एक फोल्डर पुसला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या असल्या तर त्यांचे म्हातारपणही बरोबरच येण्याचा संभव असतो. एक गेल्यावर नवी बसवून तिच्यावर सारे पुन्हा उतरवायला मोठ्या डिस्कला पुष्कळ तास, कधी एक दिवसाहूनही अधिक वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी उरलेल्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण पडतो.

म्हणूनच या विषयातील जाणकार एक सोपा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर. शेवटच्या अटीचे महत्त्व समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. ३० ऑक्टोबर २००५ रोजी साउथहॅम्प्टन विद्यापीठाची माउंटबॅटन इमारत आगीत भस्मसात झाली. तेथे इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनाच्या प्रयोगशाळा होत्या. संगणकशास्त्रात नाणावलेली विद्वान मंडळी त्याच विद्यापीठात होती, पण आग माणसाची विद्वत्ता विचारून येत नाही. नवी इमारत २००८ मध्ये उभी राहिली. भिंती पुन्हा बांधता येतात. एकाच जागी ठेवलेले, आणि दुसरी प्रत नसलेले टिपण पुन्हा बांधता येत नाही.

कोणी म्हणेल, ही दगदग हवीच कशाला? मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर सारे ठेवावे आणि महिन्याचे भाडे भरावे. घराबाहेरची एक प्रत म्हणून ही सोय जरूर वापरावी. परंतु भाडेकरूने घर आपले समजू नये. संगीतासाठी एके काळी जगभर गाजलेल्या मायस्पेस या संस्थेला २०१९ साली कबूल करावे लागले, की संगणक बदलताना लोकांनी अनेक वर्षे तिच्याकडे ठेवलेली गाणी नाहीशी झाली. आपल्या आजीचा आवाज ही त्यांच्या दृष्टीने एक फाईल असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण जे जपण्याची आच आपल्यालाच नाही, ती परक्याला कुठून असणार?

येथे आपण मूळ प्रश्नाजवळ येतो. वस्तू टिकली तरी ती वाचता आली पाहिजे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशाची मोजदाद करून घेतली. ते डोम्सडे बुक नऊशेहून अधिक वर्षांनंतर आजही वाचता येते. त्याच्या नवव्या शताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने नवे डोम्सडे तयार केले. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहून दिली आणि ती लेझर तबकड्यांवर साठवली. मी स्वतः शिक्षकी पेशातला असल्याने त्या मुलांच्या उत्साहाची कल्पना करू शकतो. पण पंधरा वर्षांतच त्या तबकड्या चालवणारी यंत्रे दुर्मीळ झाली. तज्ज्ञांनी खटपट केली म्हणून ती माहिती वाचली. चामड्यावरचा मजकूर नऊ शतके टिकला, आणि यंत्रावरचा दोन दशकेही धड टिकला नाही!

आपण मराठी माणसांनी या गोष्टीचे नवल करू नये. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हळूहळू वापरातून गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी मोडी कागद आहेत, आणि अनेकांच्या घरी पणजोबांची खतपत्रे आहेत. कागद शाबूत आहे, शाई स्वच्छ आहे, आणि घरात ती वाचणारा कोणी नाही. अशा घरात ते कागद 'जपलेले' आहेत काय? मला वाटते, अर्धेच. जतन ही वस्तूची अवस्था नसून माणसाने वारंवार करायची कृती आहे. समईत एकदा तेल घातले म्हणून ती कायमची तेवत नाही. डिस्कची महिन्यातून एकदा तपासणी चालवणे, पेटीची धूळ झाडणे, हवा खेळेल अशा जागी ती ठेवणे, चार-पाच वर्षांनी डिस्क बदलणे, जुन्या पद्धतीच्या फाईली नव्या पद्धतीत उतरवणे, आणि मुख्य म्हणजे अधूनमधून दुसऱ्या प्रतीवरून एखादी फाईल परत आणून खरोखर उघडते का ते पाहणे, ही सारी त्या समईतल्या तेलाचीच कामे.

मग प्रश्न उरतो, काय ठेवावे? सगळेच ठेवले तर वारसांच्या डोक्यावर चाळीस हजार छायाचित्रांचे ओझे होईल. निवडून ठेवावे म्हटले, तर निवडणारा कोण? कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात जीर्ण लिखाण न जाळता, न फेकता शतकानुशतके टाकून ठेवले होते. सॉलोमन शेख्टर यांनी १८९७ मध्ये त्यातील बहुतेक भाग केंब्रिजला आणला. आज तेथे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यांत धर्मग्रंथ आहेत, तशी व्यापाऱ्यांची साधी पत्रे आणि हिशेबही आहेत. बाराव्या शतकात मंगळूरला काही वर्षे राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे त्यांतच सापडली, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ज्यूंच्या वावराचा पुरावा हाती आला. त्या काळी कोणी 'महत्त्वाचे तेवढेच ठेवा' म्हटले असते, तर हे हिशेब पहिल्याप्रथम गेले असते. आपल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातही १९८३ पासून ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचे सुमारे एक लाख कागद आहेत. १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला तो सेनापती हाच. सेनापतीचे कागद विद्यापीठ ठेवते. आपल्या घरातील माणसांचे कागद आपल्याखेरीज कोण ठेवणार?

तरीही सर्व काही ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे, असे मी म्हणणार नाही. भावाने अडचणीच्या काळात लिहिलेले पत्र, कुणाच्या आजारपणाची कागदपत्रे, एखाद्या मोडलेल्या लग्नाची छायाचित्रे, ही आपल्या पेटीत असली तरी सर्वस्वी आपली नसतात. पूर्वी असे पत्र लोखंडी कपाटाच्या तळाशी असे आणि किल्ली आईच्या कमरेला. आज तेच पत्र घरातील प्रत्येक फोनवर उघडते. तेव्हा जपण्याइतकेच झाकण्याचे व प्रसंगी पुसण्याचेही कर्तव्य आहे, आणि ते जिवंत माणसाला विचारून करावे. एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. फाईल पुसली म्हणजे ती गेली असे नव्हे; बहुधा तिचा फक्त अनुक्रमणिकेतला उल्लेख जातो. जुनी डिस्क टाकण्यापूर्वी ती पूर्ण पुसून घ्यावी किंवा फोडावी. दुसऱ्याचे गुपित कचऱ्यात टाकणे हा निष्काळजीपणा नसून विश्वासघात आहे.

वारसांविषयी माझे मत असे: त्यांना ढीग देऊ नये, वाट द्यावी. छायाचित्रांतली शंभर-दोनशे निवडून त्यांना नावे, गाव आणि साल लिहावे. बाकीची वेगळ्या जागी ठेवून, ती ठेवायची की नाही हे पुढच्यांवर सोपवावे. ज्या चेहऱ्याचे नाव आज फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, तो चेहरा दहा प्रतींत असूनही उद्या अनोळखी होणार आहे. कोणत्याही डिस्कला हे काम आपल्याऐवजी करता येत नाही. आणि पेटीचा पासवर्ड एका बंद पाकिटात मृत्युपत्राजवळ ठेवावा. मालकाबरोबर पासवर्डही गेला आणि मुले पेटीकडे नुसती पाहत बसली, अशी घरे आपल्या ओळखीत नाहीत काय?

वाचकहो, आपल्या समाजाची माणसे अलिबागेपासून अश्दोदपर्यंत आणि मुंबईपासून साउथहॅम्प्टनपर्यंत विखुरली आहेत. या विखुरण्याचा एक फायदा आहे: घराबाहेरची प्रत ठेवायला प्रत्येकाचा एखादा भाऊ, बहीण किंवा मावसभाऊ दुसऱ्या देशात आहेच. येत्या रविवारी त्यांना फोन करावा, एकमेकांच्या प्रती एकमेकांकडे ठेवण्याचे ठरवावे, आणि त्याच बैठकीत एखादे जुने छायाचित्र उघडून त्यातील माणसांची नावे मुलांकडून मराठीत लिहून घ्यावीत.