दिग्व्रत आणि पाण्याखालची स्कूटर

साधनाची निवड ही सामान्यतः सोयीची बाब मानली जाते. वेग किती, टिकाऊपणा किती, किंमत परवडणारी आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड पूर्ण झाली असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु जे साधन माणसाच्या गतीला त्याच्या देहाच्या शक्तीपलीकडे नेते, ते निवडताना ‘किती वेगाने’ या प्रश्नाच्या आधी ‘कुठवर’ हा प्रश्न येतो, आणि तो यंत्रशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही विषय आहे. स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा घेत पाण्याखाली संचार करणे, आणि त्यासाठी वापरली जाणारी पाण्याखालची स्कूटर हे या प्रश्नाचे अतिशय स्पष्ट उदाहरण आहे. गतीच्या मर्यादेचा सूक्ष्म विचार जैन आचारशास्त्रात ‘दिग्व्रत’ या नावाने झाला आहे, आणि समुद्रव्यापार व जैन विद्या या दोन्ही परंपरा ज्या नगरात शेजारी नांदल्या त्या सुरतेच्या संदर्भात हा विचार तपासणे उचित ठरते.

मराठी वाचकाला सुरत प्रथम आठवते ती जानेवारी 1664 मधील शिवाजी महाराजांच्या स्वारीमुळे. त्या स्वारीत ज्यांची संपत्ती गेली त्यांत वीरजी व्होरा हा जैन व्यापारीही होता, ज्याचे व्यवहार अरबी समुद्रापलीकडच्या बंदरांपर्यंत पसरलेले होते. याच नगरातील देवचंद लालभाई जैन पुस्तकोद्धार फंडाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक जैन ग्रंथ छापून प्रसिद्ध केले आणि गोपीपुऱ्यातील आगममंदिरात जैन आगम ताम्रपटांवर कोरून जतन करण्यात आले. दूरवर जाणारी गलबते आणि जाण्याला परिमाण, म्हणजे मर्यादा, घालणारे ग्रंथ यांचे हे सान्निध्य केवळ योगायोगाचे नाही. ज्याला फार दूर जाता येते, त्यालाच मर्यादेचा विचार करण्याची खरी गरज भासते.

आज सुरतेतून पाण्याखाली जाऊ इच्छिणाऱ्याला आधी सुरत सोडावी लागते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचे अंतर भारतात सर्वाधिक आढळते, भावनगरच्या बाजूला ते मोठ्या भरतीच्या वेळी 10 मीटरपेक्षाही अधिक असते, आणि तापी, नर्मदा, मही व साबरमती या नद्यांचा गाळ त्या प्रबळ प्रवाहात सतत ढवळला जात असल्यामुळे सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पाण्याखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून हा प्रवास द्वारकेच्या परिसराकडे, 1987 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या समुद्राकडे किंवा अंदमान-लक्षद्वीपकडे होतो. प्रवास विमानाचा असेल तर निवडीचे पहिले बंधन तेथेच लागते, कारण प्रवासी विमानांच्या सर्वसाधारण नियमांनुसार 100 वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सोबत नेता येते, 100 ते 160 वॉट-अवरसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठलेल्या ऊर्जेचे माप.

स्कूटरची रचना साधी आहे. जलाभेद्य नळकांड्यात बॅटरी व मोटर, मागे जाळीच्या किंवा कड्याच्या आत फिरणारा पंखा आणि पकडण्यासाठी मूठ असते. मुठीवरचा चाप दाबून धरला तोवर पंखा फिरतो आणि चाप सोडताच थांबतो. मोठ्या स्कूटरमध्ये ओढीचा भार हातांवर येऊ नये म्हणून एक दोर कमरेखालच्या पट्ट्यावरील कडीला अडकवतात. पायातील फिन्सच्या बळावर पाणबुड्या तासाला साधारण एक ते दीड किलोमीटर जातो, तर स्कूटर त्याला तीन ते पाच किलोमीटरच्या वेगाने नेते. माणसाला पाण्याखाली वाहून नेणाऱ्या यंत्राच्या कल्पनेने दुसऱ्या महायुद्धात शस्त्राचे रूपही घेतले होते. डिसेंबर 1941 मध्ये इटालियन नौसैनिकांनी अशाच स्वारीच्या यंत्रांवरून अलेक्झांड्रिया बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. यंत्र कुठवर नेते हे यंत्राच्या शक्तीवर ठरते. तेथवर जावे का, हे मात्र जाणाऱ्यानेच ठरवावे लागते.

दिग्व्रत हे जैन गृहस्थाच्या गुणव्रतांपैकी एक आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह यांचे गृहस्थाला झेपेल असे मर्यादित रूप म्हणजे अणुव्रते, आणि त्या अणुव्रतांना बळ देणारी ती गुणव्रते. दिग्व्रत घेणारा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, त्यांच्या मधल्या दिशा, वर आणि खाली अशा सर्व दिशांना आपण कुठवर जाऊ हे आयुष्यभरासाठी आधी ठरवतो. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक-श्रावकाचारात या सीमा नदी, डोंगर, अरण्य, प्रदेश किंवा योजने, म्हणजे अंतराची जुनी मापे, यांनी ठरवाव्यात असे सांगताना समुद्राचाही सीमा म्हणून उल्लेख येतो. बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या व्रतामागचे कारण तापलेल्या लोखंडी गोळ्याच्या दृष्टान्ताने मांडले: असा गोळा जिकडे सरकेल तिकडे जीवांना पोळतो, तशी संयम नसलेल्या गृहस्थाची हालचाल सर्वत्र हिंसा घडवते, म्हणून गोळ्याचे क्षेत्र आखून दिले की त्यापलीकडचे सर्व जीव त्याच्यापासून निर्भय होतात. मर्यादेचा पहिला लाभ येथे दुसऱ्या जीवांना मिळतो, ही या मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडलेले नसताना त्याला लागणारा दोष. वरच्या, खालच्या व आडव्या दिशेची सीमा ओलांडणे हे पहिले तीन. ठरवलेले क्षेत्र वाढवून घेणे हा चौथा. आणि ठरवलेली सीमा विसरणे हा पाचवा. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत पहिल्या तिघांची उदाहरणे पर्वतावर चढणे, विहिरीत उतरणे आणि बिळात किंवा गुहेत शिरणे अशी दिली आहेत. ही यादी पाण्याखालच्या संचाराशी जोडणे हा प्रस्तुत विवेचनाचा अर्थविस्तार आहे, तरीही ती तेथे आश्चर्यकारक नेमकेपणाने लागू पडते.

वरची दिशा पाण्यात सर्वांत फसवी असते. श्वासातील नायट्रोजन दाबाखाली शरीराच्या ऊतींत विरघळतो आणि वर येण्याची गती अधिक झाली तर तो रक्तात व सांध्यांत बुडबुड्यांच्या रूपाने मोकळा होतो; म्हणून मिनिटाला सुमारे 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये असा सल्ला दिला जातो, आणि चाप दाबून धरलेली स्कूटर ही गती क्षणात ओलांडू शकते. खालच्या दिशेला सुमारे 30 मीटरनंतर हाच नायट्रोजन मेंदूवर नशेसारखा परिणाम करू लागतो आणि निर्णयशक्ती मंदावते, म्हणजे सीमा सर्वांत अधिक लक्षात ठेवायची असते तेथेच विस्मरणाचा पाचवा अतिचार ओढवतो. परिमाण शंभर योजने ठरवले होते की पन्नास, असा संशय आला तर पन्नासाच्या पुढे जाणे हाच दोष, असा न्याय टीकाकारांनी सांगितला आहे. स्मृती डळमळली की लहान सीमा खरी मानावी, यापेक्षा उत्तम नियम खोल पाण्यासाठी सांगता येणार नाही.

आडव्या दिशेचा प्रश्न आकड्यांनी अधिक उघड होतो. पाणबुड्याकडे 12 लिटरची टाकी आणि तीत 200 बार दाब असेल, तर तीत पृष्ठभागाच्या मापाने 2400 लिटर हवा असते. 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असल्याने, एरवी मिनिटाला 15 लिटर हवा घेणारा मनुष्य तेथे 45 लिटर वापरतो. मिनिटाला 50 मीटर वेगाने दहा मिनिटे स्कूटर चालवून तो 500 मीटर दूर जातो आणि 450 लिटर हवा खर्चतो. तेथे मोटर बंद पडली, तर मिनिटाला 20 मीटर गतीने पोहत परतायला 25 मिनिटे लागतील, श्रमामुळे वापर मिनिटाला 60 लिटर झाला असे धरले तर 1500 लिटर हवा लागेल, आणि 50 बारचा, म्हणजे 600 लिटरचा राखीव साठा वगळता त्याच्याजवळ 1350 लिटरच उरलेली असेल. हेच अंतर 250 मीटर ठेवले असते तर तो राखीव साठ्याला हात न लावता परतला असता. यंत्राला 500 मीटर सहज साध्य होते. मनुष्याला मात्र ते साध्य नव्हते, आणि हे त्याला यंत्र बंद पडेपर्यंत कळले नसते. म्हणून स्कूटरने नेलेल्या अंतराचे खरे माप परतीच्या पायांत असते.

चौथा अतिचार, क्षेत्रवृद्धी, हा मनाचा व्यवहार आहे. पूर्वेकडची उरलेली योजने पश्चिमेला जोडून घेणे, म्हणजे एका दिशेची शिल्लक दुसऱ्या दिशेत खर्चणे, असे त्याचे रूप सांगितले जाते. बॅटरी अर्धी शिल्लक आहे म्हणून आणखी पुढे जाणे, किंवा खोली कमी ठेवली म्हणून अंतर वाढवणे, ही त्याचीच आजची रूपे होत. ऊर्जेचा व हवेचा एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक संकटासाठी राखण्याचा तिहाईचा नियम पाणबुड्यांमध्ये रूढ आहे, आणि त्याचे बळ हेच की संकटाचा भाग कोणत्याही दिशेला उसना देता येत नाही.

साधनाच्या निवडीला थेट स्पर्श करणारा विचार आणखी एका गुणव्रतात, अनर्थदंडविरतीत, आढळतो. अनर्थदंड म्हणजे ज्यातून कोणताही योग्य हेतू साधत नाही अशी हिंसा, आणि विरती म्हणजे तिच्यापासून दूर राहणे. याच्या अतिचारांत ‘असमीक्ष्याधिकरण’ येते, म्हणजे प्रयोजनाचा नीट विचार न करता साधने जमवणे वा योजणे. या कसोटीवर निवडीचा क्रमच बदलतो. प्रथम पाण्याची जागा, खोली आणि परतीचे अंतर ठरते, आणि मग त्याला पुरेल एवढेच यंत्र शोधले जाते. ज्याला मालवणच्या उथळ पाण्यात 10-12 मीटरवर हिंडायचे आहे, त्याला 100 मीटर खोलीपर्यंत चालणारे, तासन्‌तास धावणारे जड यंत्र निष्प्रयोजन आहे. उलट जे यंत्र पाण्यात सोडले असता तरंगतही नाही व बुडतही नाही असे समतोल राहते, ज्याचा चाप सोडताच पंखा खात्रीने थांबतो, ज्याची गती कमी ठेवता येते आणि जे बंद पडल्यावर ओढत नेता येते, ते कमी शक्तीचे असूनही अधिक योग्य ठरते. येथे थांबण्याची क्षमता हा यंत्राचा गुण मानला जातो, गतीच्या बरोबरीने किंबहुना तिच्याही आधी.

दुसऱ्या जीवांचा प्रश्न याच ठिकाणी येतो. जैन जीवविचारात पोवळे, म्हणजे प्रवाळ, हे मणी व रत्नांबरोबर पृथ्वीकाय जीवांत मोजले आहे. पृथ्वीकाय म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर आहे असे एकेंद्रिय जीव. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते, त्यामुळे दोन्हींचे वर्गीकरण जुळत नाही. पण सुरतेसारख्या जवाहिऱ्यांच्या नगरात ज्याची गणना रत्नांत होते, ते आपल्या जागी असताना जिवंत असते, एवढ्यावर दोन्हींचे एकमत आहे. तळालगत चालवलेल्या स्कूटरच्या पंख्याचा झोत गाळ उडवतो, तो प्रवाळावर बसून त्याचा प्रकाश व अन्न अडवतो, आणि वेगात असलेल्या शरीराचा धक्का अनेक वर्षांची वाढ एका क्षणात मोडतो. हेमचंद्राचार्यांचा तापलेला गोळा येथे दृष्टान्त राहत नाही. पंखा लावलेला मनुष्य खरोखरच जिकडे जातो तिकडे काही ना काही चिरडू शकतो, आणि म्हणून तळापासून व प्रवाळापासून राखलेले अंतर हाही त्याच्या परिमाणाचा भाग ठरतो.

यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, जैन दृष्टीने पाणीसुद्धा अप्काय, म्हणजे जलरूप शरीराच्या जीवांनी भरलेले आहे, तेव्हा केवळ कुतूहलासाठी त्यात उतरणेच अनर्थदंडात मोडते. हा आक्षेप खरा आहे, आणि साधूच्या महाव्रताच्या दृष्टीने त्याला उत्तर नाही. गृहस्थाचे व्रत मात्र पूर्ण निवृत्तीची अट घालत नाही. ते प्रत्येक कृतीला प्रयोजन विचारते आणि तिची सीमा कमी करत नेण्याची दिशा दाखवते. जो पाण्यात उतरतोच, त्याच्यावर हे विचारण्याचे दायित्व अधिक आहे.

दुसरा आक्षेप सुरतेच्या इतिहासातूनच येतो. 1829 मध्ये सुरतेत जन्मलेले समाजसुधारक महीपतराम रूपराम नीलकंठ 1860 मध्ये शिक्षणपद्धतीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले आणि समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांच्या नागर ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले. मर्यादेची भाषा अशा जाचासाठी वापरली गेली आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु दोन्हींतील भेद मूलभूत आहे. ज्ञातीची सीमा दुसऱ्यांनी आखली होती आणि ती ओलांडणाऱ्याचे प्रयोजन कोणी विचारले नव्हते. दिग्व्रताची सीमा मनुष्य स्वतः, आपले प्रयोजन तपासून, प्रवासाच्या आधी आखतो. पहिलीमुळे ज्ञान मिळवण्याची वाट अडवली गेली, तर दुसरीमुळे जाणारा सुखरूप परततो आणि त्याच्या वाटेतले जीवही सुखरूप राहतात.

दिग्व्रत आयुष्यभराचे असते. त्याच्या आत देशावकाशिक नावाचे आणखी एक व्रत आहे, ज्यात गृहस्थ एका दिवसापुरती किंवा काही तासांपुरती आपली सीमा आणखी आवळून घेतो. पाण्यात उतरण्यापूर्वी पाणबुडे पाटीवर खोली, वेळ, परतीचा दाब आणि वळण्याची जागा लिहितात, तेव्हा त्यांच्याकडून नकळत याच स्वरूपाची कृती घडत असते. व्रत आणि योजना यांत अंतर आहे, कारण योजना देहाच्या सुरक्षिततेसाठी असते आणि व्रत आत्म्याच्या शुद्धीसाठी. परंतु दोन्हींचा कस एकाच क्षणी लागतो. बॅटरी भरलेली आहे, पाणी स्वच्छ आहे, पुढे आणखी काही सुंदर दिसते आहे, आणि पाटीवर लिहिलेली जागा आली आहे. त्या क्षणी ज्याचा अंगठा चापावरून सहज उठतो, त्याने आपली स्कूटर योग्य निवडली असे म्हणता येईल.