साक्ष आणि कबुली

रॅप म्हणजे आपलाच पोवाडा, फक्त नव्या कपड्यांतला, हे वाक्य मराठीत आता इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं कोणाला वाटत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये पुण्याच्या ताडीवाला रोडवर वाढलेला अल्ताफ, म्हणजे रॅपर एमसी स्टॅन, ‘बिग बॉस’ जिंकला. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, राज मुंगासे या तरुणावर राज्यातल्या सत्तांतरावरच्या रॅपमुळे अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून व्यासपीठांवर आणि वर्तमानपत्रांत या मुलांना ‘आजचे शाहीर’ म्हणण्याची चढाओढ आहे. ‘हे परकीयांचं अनुकरण’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नये. हार्मोनियमही बाहेरूनच आली. पोवाड्याची उपमा मात्र आपुलकीने दिली जाते, म्हणूनच ती जास्त नुकसान करते. एखाद्याला तू आमचाच आहेस असं म्हटलं की तो नवीन काय सांगतो आहे ते ऐकण्याची जबाबदारी संपते.

पोवाड्यात कोण बोलतं, हा साधा प्रश्न या उपमेला सोसत नाही. अगिनदासाने अफझलखानाचा वध गायला, तुळशीदासाने सिंहगड गायला, जोतीराव फुल्यांनी १८६९मध्ये शिवरायांचा पवाडा रचला. या सगळ्या रचनांत शाहीर घटनेच्या बाहेर, श्रोत्यांच्या बाजूला उभा आहे आणि हात करून दाखवतो आहे. त्याचं नाव येतं ते मुद्रेत. मुद्रा ही सही असते. सहीवरून लिहिणारा कळतो, त्याच्या अंगावर काय गुदरलं ते कळत नाही. कोणी म्हणेल, पोवाडा सोडा, तमाशाकडे या, तिथे ‘मी’ आहेच. दौंड तालुक्यातल्या वरवंडहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर चौफुला लागतं. तिथल्या कलाकेंद्रांत आजही संगीत बारी चालते आणि बैठकीच्या लावणीत ‘मी’ अखंड बोलत असते. पण ही ‘मी’ कोण? लिहिणारा बहुधा पुरुष, गाणारी स्त्री, आणि गाण्यातली नायिका या दोघांपेक्षा वेगळी. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी घरदार, जात सोडून पठ्ठे बापूराव हे नाव घेतलं, पवळेबरोबर फड गाजवला, आणि स्त्रीच्या तोंडी असंख्य लावण्या घातल्या. त्यांचं स्वतःचं आयुष्य कोणत्याही लावणीहून विलक्षण होतं. तरी लावणीतली नायिका ही त्यांनी रचलेली भूमिकाच राहिली. हे त्या कलेचं उणेपण नव्हे. भूमिकेचा ‘मी’ उभा करणं हे तिचं सामर्थ्य आहे, आणि म्हणूनच एकीची लावणी दुसरी गाते तेव्हा काहीच बिघडत नाही.

या मांडणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप अण्णाभाऊ साठ्यांचा. वाटेगावहून मुंबईला पायी आलेल्या माणसाने ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिलं; मग तो ‘मी’ स्वतःचा नाही कसा? स्वतःचा आहे, पण तो स्वतःपाशी ठेवलेला नाही. गाव सोडून आलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराला तो वापरता यावा अशा बेताने घडवला आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैना म्हणजे एका माणसाची बायको उरत नाही, ताटातूट झालेला मुलूख होतो. अमर शेखांनी ते गायलं तेव्हा ते खोटं ठरलं नाही, उलट मोठं झालं. रॅपला हीच कसोटी लावून पाहावी. दुसऱ्याने लिहून दिलेले शब्द स्वतःचे म्हणून म्हणणं हा तिथे मोठा बट्टा समजला जातो. ज्याच्यावर गुदरलं त्यानेच म्हणायचं, हा त्या कलेचा पाया आहे. हा नियम पुष्कळदा मोडला जातो हे खरं, पण मोडल्याची लाज वाटते, आणि शाहिरीत अशी लाज वाटण्याचं कारणच नव्हतं.

मग मराठीत या ‘मी’चं घराणं कुठलं? मला ते डफाच्या बाजूला दिसत नाही, १९७२च्या बाजूला दिसतं. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि खेड तालुक्यातल्या पूर गावी जन्मलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. पत्ता, वस्ती, जात, भूक यांच्यासकट स्वतःच्या नावाने बोलणारा माणूस मराठी वाङ्मयात तेव्हा मध्यभागी आला. पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. त्याच ब्लॅक पँथरची कार्यकर्ती अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या खटल्यातून मे १९७१मध्ये निर्दोष सुटली, आणि महिन्याभराने, १६ जूनला, तिच्या पोटी टुपाक शकूर जन्मला. अमेरिकन रॅपमधला सगळ्यात गाजलेला ‘मी’ चळवळीच्या घरातून आला, तो असा. आपल्याकडच्या रॅपचं नातं जुळवायचंच असेल तर ते या दोन पँथरांमधून जुळवावं. बाकी वंशावळ लयीची आहे, बोलणाऱ्याची नाही.

यावर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळला तर वरचं सगळं पोकळ ठरेल. रॅप ही स्वतःची साक्ष असेल, तर पोलिसांनी ती आरोपपत्राला का जोडू नये? अमेरिकेत हे घडतं आहे. जॉर्जिया राज्यात यंग ठग या रॅपरवरच्या खटल्यात न्यायाधीशांनी २०२३मध्ये त्याच्या गाण्यांतल्या ओळी पुरावा म्हणून मांडू दिल्या. कॅलिफोर्नियाने मात्र २०२२मध्येच अशा वापराला कायद्याने लगाम घातला होता. या गोंधळाचं मूळ एकच: साक्ष आणि कबुली यांतला फरक पुसला जातो. कबुली मी काय केलं याची असते. साक्ष मी कुठे उभा होतो, तिथून काय दिसलं आणि त्याने माझं काय केलं याची असते. साक्षीदाराचा आवाज चढेल, तो बढाई मारेल, भीती लपवायला दहशतीचं सोंग आणेल. ते सोंगही त्या जागेचीच खबर देतं. टुपाक बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक शिकला होता, बॅलेही शिकला होता. यावरून त्याचा गुंडाचा अवतार खोटा होता, असं त्याचे टीकाकार म्हणतात. त्याची कबुली खोटी असेलही. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सप्टेंबर १९९६मध्ये, लास व्हेगासमध्ये गोळ्या लागून तो मेला. त्या जगात काळ्या तरुणाचं आयुष्य किती स्वस्त आहे, ही त्याची साक्ष खरी होती. स्टॅनच्या २०२०च्या अल्बमचं नाव ‘तडीपार’ आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, आणि वस्तीत हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. तो त्याने कपाळावर मिरवला. यातून स्टॅन गुन्हा मान्य करत नाही. हा शब्द ज्यांच्या कानांवर रोज पडतो त्यांच्यातला मी एक, एवढंच तो सांगतो आहे. त्याच्या गाण्यांतली शिवीगाळ आणि बायकांविषयीची भाषा मला असह्य वाटते, आणि कलेच्या नावाखाली तिची पाठराखण करू नये. पण साक्षीदार आवडला नाही म्हणून त्याला वकील ठरवता येत नाही, आणि ‘शाहीर’ ही पदवी नेमकं तेच करते. आपल्या वतीने बोलणारा, आपल्याला अभिमान देणारा वकील तिला हवा असतो.

स्टॅनचा ताडीवाला रोड पुणे स्टेशनला लागून आहे. केडगाव-पाटसकडून गाडीने आलेला दौंड तालुक्यातला माणूस तिथे जवळच उतरतो. त्याच तालुक्यात दर हंगामाला बीड-नगरकडून ऊसतोड मजूर येतात, आणि उचल देताना मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोन माणसं, एक हत्यार, एक आकडा. या कोयत्यावर कथा झाल्या, चित्रपट झाले, कळवळ्याची भाषणं झाली, बहुतेक सगळी तृतीयपुरुषी. कोपीत वाढलेलं पोरगं मोबाईलवर ठेका लावून ‘मी’ म्हणून बोलायला लागेल तेव्हा ते बेसूर असेल, मराठी मोडकी असेल, कदाचित हिंदीच असेल. त्याला विचारायचं ते एवढंच, की त्या कोयत्यातला तू कोणाचा, आणि तुझी शाळा कितव्या इयत्तेत सुटली.