कशाभोवतीही न फिरणारी रेघ

बसा. खाली, खुर्चीवर, ओट्यावर, जिथे पाठ सैल पण सरळ राहील तिथे. कळमनुरीत असाल तर दुपारची कामं उरकल्यानंतरची, उजेड अजून भरपूर असलेली वेळ निवडा. आजच्या मननात डोळे मिटायचे नाहीत. आज नुसतं पाहायचं आहे.

समोर वासुदेव गायतोंडे यांचं 1950 च्या दशकातलं, कागदावरचं एखादं चित्र घ्या. पुस्तकात छापलेलं चालेल, मोबाइलवरचंही चालेल. गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले. घराणं गोव्याचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी 1948 मध्ये पदविका घेतली. पुढे जगभर नाव झालं ते रंगांनी भरलेल्या मोठ्या, शांत कॅनव्हासमुळे. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. त्या झगमगाटात ही सुरुवातीची, रेघांची, लहान कामं मागे राहिली. ती फारशी पाहायला मिळत नाहीत. मिळालंच आहे, तर घाई कशाला?

चित्राकडे बघताच मन विचारेल, हे आहे तरी काय? विचारू द्या. मन त्यात पक्षी शोधेल, चंद्र शोधेल, घराचं छप्पर शोधेल. त्या काळात गायतोंड्यांवर चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव होता, त्यामुळे एखादा ओळखीचा आकार हाती लागेलही. लागला तर लागला. त्याला नाव द्या आणि पुढे चला. नाव दिल्यावरही चित्र शिल्लक राहतं. आपल्याला त्या शिल्लक राहिलेल्याशी काम आहे.

आता एकच रेघ निवडा. जिथे ती सुरू होते तिथे नजर टेकवा. एक श्वास घ्या. मग रेघेच्या चालीनं चला. कुठे हात दाबला गेला आहे, तिथे रेघ जाडावली आहे. कुठे मनगट झपकन फिरलं, तिथे ती बारीक झाली आहे. अगदी जवळून पाहाल तर शाईची कड सरळ नसते. कागदाच्या धाग्यांत ती केसाएवढी आत शिरलेली असते. ती कड पाहा. तिथेच थोडं थांबा.

लहानपणापासून आपण रेघेला एकच काम लावलं, कुंपण घालायचं. आंब्याभोवती रेघ, माणसाभोवती रेघ, शेताच्या नकाशाभोवती रेघ. इथली रेघ निघते, वळते आणि कशालाही न वेढता संपते. आतलं-बाहेरचं असं काही उरतच नाही. हे लक्षात आलं की छातीत किंचित मोकळं वाटेल. नाही वाटलं तरी हरकत नाही, पाहणं चालू ठेवा.

आपल्याच हिंगोली जिल्ह्यातली एक गोष्ट या वेळी आठवून बघा. नरसीचे नामदेव औंढ्याला गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंडी उभी राहू लागली. नामदेवांचा विठ्ठल काही त्या दिवशी हरवला नाही. तो एका जागेपुरता राहिला नाही, एवढंच. या चित्रातही आकार पुसलेला नाही. तो एका वस्तूपुरता राहिलेला नाही.

आता नजर रेघेवरून उचला आणि मोकळ्या कागदावर ठेवा. हा कागद उरलेला नाही, राखलेला आहे. तिथेही रेघेइतकाच वेळ द्या.

पुढे 1950 चं दशक संपता संपता गायतोंड्यांच्या चित्रांतून वस्तू गेल्या. रोलर आणि पॅलेट नाइफनं ते रंग चढवत, काढत, पुन्हा चढवत. मधे वाट पाहत. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. 1964 साली रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले, तिथे चित्रकार मार्क रॉथको यांना भेटले. रॉथकोही 1940 च्या दशकात पुराणकथांतल्या आकृती आणि जलरंगातल्या वळणदार रेघा काढत होते. त्या सोडत सोडत ते रंगाच्या तरंगत्या चौकोनांपाशी आले.

गायतोंड्यांच्या चित्रातला रंग कसा असतो हे कळायला लांब जायला नको. घरात वाळलेलं हळकुंड असेल तर मोडा. वरून मातकट, सुरकुतलेलं. आत केशरीकडे झुकलेला पिवळा. तो कुणी वरून लावलेला नाही. जिथे मोडाल तिथे तोच. गायतोंड्यांचा रंगही असाच आतून वर आल्यासारखा दिसतो. मोडलेल्या तुकड्याकडे पाच-सहा श्वास पाहा.

मग पुन्हा चित्राकडे या. रेघ ही पहिली पायरी आणि रंग हा कळस, असं मनात ठरवून टाकू नका. 1984 साली झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास गायतोंड्यांना झेपेनात. तेव्हा ते कागद आणि शाईकडे वळले. साठीच्या माणसाच्या हातात रेघ पुन्हा आली, तीही कशाला न वेढणारीच. सोडलेली गोष्ट परत हाती घेताना हार मानल्यासारखं वाटायलाच हवं, असं नाही.

मनन इथे संपलं, पाहण्याची सवय मात्र लावून घेता येईल. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या ढिगापुढे उभे राहाल तेव्हा आधी चार श्वास नुसता रंग बघा. मग खुशाल भाव विचारा.