'रन'ची धाव

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातली सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. अर्थ ४३०, आणि ते उलगडायला सुमारे साठ हजार शब्द खर्ची पडले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११च्या सुमारास 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने या एका शब्दापायी गेले.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो निघतो कसा हे पाहण्यात मला अधिक गोडी वाटते. जेम्स मरे यांनी १८७९मध्ये या कोशाचं संपादन हाती घेतलं आणि वाचकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द जिथे भेटेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्या, ग्रंथ, लेखक आणि साल लिहा, पाठवून द्या. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. ऑक्सफर्डच्या घरी बागेत मरे यांनी पत्र्याची खोली उभारली होती. तिच्यात चिठ्ठ्यांसाठी कप्पेच कप्पे होते. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काढायच्या, टेबलावर पसरायच्या आणि वाचत वाचत त्यांचे गठ्ठे लावायचे. घोडा पळतो ती चिठ्ठी इकडे, नदी वाहते ती तिकडे. सर्दीने नाक वाहतं तेही 'रन'च. ते नदीच्या गठ्ठ्यात घालायचं की त्याचा वेगळा गठ्ठा करायचा? धुण्यात कपड्याचा रंग जातो, तो? गठ्ठ्यांचे पुढे क्रमांक होतात. दुसरा तितकाच जाणता संपादक बसला तर काही गठ्ठे एकत्र येतील, काही फुटतील. म्हणून ६४५ हा आकडा मी शब्दाच्या पोटातला मानत नाही, तो संपादकाच्या टेबलावर ठरलेला आहे. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात ६४५ खण नसतात. 'रन'च्या शेजारी टब हा शब्द आला की पाणी सोडलं जातं, निवडणूक आली की उमेदवार उभा राहतो, बँक आली की घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला रांग लावतात. अर्थाचं बरंचसं काम हे शेजारी करतात.

आपल्या शाळांत 'रन म्हणजे धावणे' अशी जोडी घोकून घेतली जाते आणि मनात कायमचं ठसतं की पायांचं धावणं हा खरा अर्थ, बाकीचे सगळे लाक्षणिक. इतिहास तसं सांगत नाही. अगदी जुन्या इंग्रजीतही पाणी आणि रक्त यांच्या वाहण्याला हाच शब्द होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनन' आजही वाहण्याचाच अर्थ सांगतो. शब्दाची पाळंमुळं प्रवाहात आणि पायांत एकदमच आहेत.

मराठी मुलाला 'रन' पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकात नव्हे, मैदानावर. फलंदाज या टोकाकडून त्या टोकाला पळाला की एक रन. इथवर सगळं पायांतच आहे. चेंडू सीमेपार गेला की कोणी पळो न पळो, चार मिळतात. वाईडला तर चेंडू बॅटला लागलेलाही नसतो. पळणं ही क्रिया होती, ती मोजता मोजता तिचं माप झालं, आणि पुढे क्रिया गळून नुसतं माप उरलं. मराठीने त्याच्या 'धावा' केल्या तेव्हा हा सगळा प्रवास आयता आपल्या पदरात पडला. त्याआधी मराठी माणसाला धावा ठाऊक होता तो संकटात देवाचा करायचा.

इंग्रजीत 'रन'ची एवढी भरभराट का झाली? लेखक सायमन विंचेस्टर यांनी यंत्रयुगाकडे बोट दाखवलं आहे, आणि मला ते पटतं. यंत्रं आली, रेल्वे आली, कारखाने आले. या सगळ्यांच्या हालचालीला नावं हवी होती. लोकांनी नवी क्रियापदं घडवत बसण्याऐवजी घरचं जुनं क्रियापद कामाला लावलं. ते नंतर संगणकाच्या प्रोग्रामपर्यंत पोचलं.

तीच यंत्रं मुंबईत आली तेव्हा मराठी माणसाने काय केलं? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी 'धावली' असं आपण लिहितो खरं, पण गिरणगावात गिरणी चालायची, माग चालायचा. जिथे इंग्रजी पळाली तिथे मराठी चालली. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, संसार चालतो. बँकेतलं खातं चालू, महिना चालू, पंखा चालू. आणि शेजारचा माणूस 'चालू' म्हटलं की त्याच्यापासून जपून राहायचं. गाण्याला चाल असते, फौज चाल करून जाते. यात सर्वांत सुंदर मला स्वयंपाकघरातला प्रश्न वाटतो: उपासाला काय चालतं? साबुदाणा चालतो, रताळं चालतं, भगर चालते, गहू चालत नाही. कोणी हललेलं नाही, कसलं यंत्र नाही. रीत, परवानगी आणि पोटाची सोय या एका क्रियापदात बसलेली आहे. इंग्रजी 'रन'ला त्याच्या ६४५ अर्थांनिशी हे जमायचं नाही.

आणि 'धाव'? तिलाही एके काळी भरपूर काम होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती विस्तवात लाल करायचा, चाकावर बसवायचा आणि वर पाणी ओतायचा. चर्र आवाज करत लोखंड आकसायचं आणि चाक आवळून धरायचं. विहिरीजवळची उतरती वाटही धावच. बैल त्या उतारावरून खाली जायचे तेव्हा नाडा ताणला जाऊन मोट वर यायची. पंप आला, मोट गेली. टायर आले, लोखंडी पट्टी गेली. दोन्ही अर्थ आता कोशातच राहिले आहेत. शब्दाला काम उरलं नाही की अर्थ असे निघून जातात, त्यासाठी कोणी परकी भाषा यावी लागत नाही.

उलट परका शब्दसुद्धा कामाला लागला की आपल्याकडे वाढतो. सुतार लाकडी पट्टीचा भाव रनिंग फुटावर सांगतो, म्हणजे रुंदी न धरता नुसत्या लांबीवर. साडीच्या दुकानात ब्लाऊज पीस रनिंग आहे का हे विचारलं जातं, म्हणजे साडीलाच सलग जोडून आलेला. जुन्या गाडीच्या सौद्यात पहिला प्रश्न असतो, रनिंग किती झालंय? गाडी किती किलोमीटर फिरली, हा त्याचा अर्थ. हातात वस्तू घेऊन बोलणाऱ्या माणसांनी गरजेपोटी वापरात आणलेले हे अर्थ आहेत, आणि माझ्या लेखी ते अस्सल मराठी आहेत.

मला सलतं ते ऑफिसातलं 'रन कर'. फाइल रन कर, प्रोग्राम रन झाला नाही, तो बिझनेस रन करतो. इथे गरज कसली होती? 'चालवणे' हाताशी तयार होतं. जात्यापासून मोटारीपर्यंत आणि संसारापासून साखर कारखान्यापर्यंत सगळं त्याने पेललं होतं. 'प्रोग्राम चालला नाही' म्हटलं की न चाललेलं दुकान, न चाललेलं नाटक, बाजारात न चाललेलं नाणं हे सगळे त्याच्या शेजारी येऊन बसतात. 'रन झाला नाही' म्हणताना त्यातला एकही येत नाही. मग पुढचं यंत्र दारात येतं तेव्हा त्याच्यासाठी 'चालव' हा शब्द तोंडात येण्याची शक्यता आणखी थोडी कमी झालेली असते. बँकेच्या खिडकीशी मात्र अजून ऐकू येतं, 'सिस्टीम चालत नाहीये, थोड्या वेळाने या.' पासबुक तसंच हातात घेऊन परतताना त्रास होतो, तरी ते वाक्य कानाला बरं वाटतं.