यात्रेची सांगता

॥ श्री ॥

तीर्थयात्रा करून घरी परतल्यावर मावंदे घालण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. काशीहून आणलेल्या गंगेचे पूजन करावयाचे, आप्तेष्टांना व शेजाऱ्यांना जेवू घालावयाचे आणि मगच यात्रा सांग झाली असे मानावयाचे. या चालीमागील भाव मनन करण्याजोगा आहे. पूर्वजांनी यात्रेची सांगता देवाच्या गाभाऱ्यात न मानता स्वतःच्या घराच्या उंबरठ्याआत मानली. यात्रेकरू सुखरूप परतला ही देवाची कृपा, आणि त्या कृपेचे आभार सर्वांसमवेत मानणे हे यात्रेचे शेवटचे कर्तव्य.

देवांनी दिलेले त्यांना अर्पण न करता जो एकटाच भोगतो तो चोर होय, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मनुष्याला लाभलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे त्याचा जीव. तो जपणे आणि आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला अपाय न होऊ देणे, हे त्या देणगीबद्दलचे पहिले अर्पण होय. अशा दृष्टीने पाहिले असता सावधानता हे भक्तीचेच एक अंग ठरते.

सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत, सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले. अरुंद वाट, अफाट गर्दी, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यातच दुकानांना लागलेली आग, असा तो प्रसंग होता. तेथे आलेल्या प्रत्येकाची श्रद्धा खरी होती. परंतु श्रद्धेला व्यवस्थेची जोड नसेल, तर अर्पण केलेला नारळही मागून येणाऱ्याच्या पायाखाली संकट होऊन उभा राहतो. म्हणून नारळ नेमलेल्या जागीच फोडावा, रांग मोडू नये, आणि पुढे उभ्या असलेल्या वृद्धाला अथवा लेकुरवाळ्या भगिनीला वाट द्यावी. देवीला ही सेवाही पोहोचते.

पालघर, बोईसर व तारापूरचा परिसर सागराच्या सान्निध्यात वसलेला आहे. सातपाटी, मुरबे, दांडी, चिंचणी, डहाणू येथील मच्छीमार बांधव नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करतात. पोटाला देणाऱ्या सागराबद्दलची कृतज्ञता आणि त्याच्या सामर्थ्याचे भान, या दोन्ही भावना त्या एका श्रीफळात सामावलेल्या असतात. बाहेरून येणाऱ्या भाविकाने हे भान त्यांच्याकडून शिकावे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत किनाऱ्यावर पूर्वापार चालत आली आहे. चतुर्थीस साधारणतः तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास भरतीला उधाण असते. आपले अनेक सण नेमके याच तिथींना येतात; अनंत चतुर्दशीचे विसर्जनही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी असते. म्हणून दर्शनानंतर केळवे, चिंचणी अथवा बोर्डीच्या किनारी जाणाऱ्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना भरतीची वेळ विचारावी.

डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी, मकरसंक्रांतीच्या तोंडावर, सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा अंत झाला. त्या वेळी परिसरातील मच्छीमारांनी आपल्या होड्या घेऊन धाव घेतली आणि अनेक मुलांना पाण्याबाहेर काढले. बुडणारा कोणाचा, कोणत्या गावचा, हे विचारण्यास कोणी थांबले नाही. गाव लहान असले तरी त्याचे मन किती मोठे असते, याची साक्ष अशा वेळी पटते. त्या मुलांच्या घरी जे दिवे पुन्हा लागले, ते या हातांनी लावले.

विवळवेढे येथील श्री महालक्ष्मीच्या यात्रेस चैत्र पौर्णिमेपासून मोठी गर्दी होते. त्या वाटेवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते पारशी बांधवांच्या उदवाडा या तीर्थस्थानाहून परतत होते. गाडीत मागील आसनावर बसलेल्या दोघांनी आसनपट्टा लावलेला नव्हता, असे पोलीस तपासात दिसून आले. धर्म कोणताही असो, वैभव कितीही असो, रस्त्याचा नियम सर्वांना एकच. भाविकांनी वाहनात पुढे व मागे बसताना पट्टा लावावा. पायी येणाऱ्यांनी रात्री उजळ वस्त्रे ल्यावीत. स्थानकावर रूळ न ओलांडता पुलाचा वापर करावा.

खंडेनवमी व दसऱ्यास तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार आपल्या यंत्रांची पूजा करतात. ज्या यंत्राने अन्न दिले त्याला झेंडूची माळ वाहणे, ही कृतज्ञतेची सुंदर रीत आहे. तथापि याच वसाहतीने स्फोट आणि आगी पाहिल्या आहेत, घरचा कर्ता पुरुष गमावलेली कुटुंबे पाहिली आहेत. माळ एक दिवस टिकते. यंत्रावरचे संरक्षक झाकण, हातातील मोजे आणि डोक्यावरील शिरस्त्राण ही वर्षभराची पूजा होय. मालकाने ती साधने पुरवावीत आणि कामगाराने ती वापरावीत, तेव्हाच दसऱ्याचे सोने खऱ्या अर्थाने लुटले जाते.

दानशूर भक्तांनीही या गोष्टीचा विचार करावा. कळसास सोने आणि मूर्तीस चांदी वाहण्यात पुण्य आहेच. परंतु पायऱ्यांचा कठडा, वाटेवरील दिवा, प्रथमोपचाराची पेटी, रुग्णाला उचलून नेण्याची डोली, यांसाठी दिलेला रुपयाही देवाच्या चरणीच पडतो. त्या कठड्याला धरून चढणारी वृद्ध माता दात्याचे नाव जाणत नाही, तरी तिच्या मुखातून निघणारे देवाचे नाव दात्याच्या खाती जमा होते.

सणाच्या दिवशी सर्वजण घरी असतात, तेव्हा पोलीस बंदोबस्तावर उभा असतो, परिचारिका रुग्णालयात असते, रेल्वेचा कर्मचारी फाटकावर असतो आणि स्वयंसेवक रांगेत पाणी देत असतो. भाविकाने दर्शन घेऊन परतताना त्यांच्यापैकी एकाला तरी हात जोडून नमस्कार करावा. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. प्रत्येक भाविकाचा हा शब्द खरा व्हावा, तो सुखरूप घरी पोहोचावा आणि पुढील वर्षी सहकुटुंब पुन्हा दर्शनास यावा, हीच आई जगदंबेच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥