एकाच नांवावर सर्वांचें पाप

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे खेडच्या बाजारांत व वाडीवाडीच्या ओट्यांवर कांहीं जुनीं माणसें पुन्हां जिवंत होतात. कोणी फुटला तर तो “सूर्याजी पिसाळ”. कोणी जुलूम केला तर तो “घाशीराम कोतवाल”. आणि कागदांत फेरफार झाला तर “ध चा मा” केला म्हणावयाचें. मग अपराध कोणता, पुरावा काय, हें कोणी विचारीत नाहीं. नांव उच्चारलें कीं निकाल लागला! वाचकहो, हा न्याय आहे काय?

ता. ३० आगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांनीं “धरावें” असें लिहिलें असतां आनंदीबाईनें “मारावें” असें केलें, अशी कथा आहे. परंतु ती सिद्ध झालेली नाहीं. रामशास्त्री प्रभुणे यांनीं तर दोष राघोबादादांच्या माथीं ठेविला. तरी लोकांच्या जिभेवर राहिलें तें एका स्त्रीचें अक्षर!

घाशीराम निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. १७९१ सालीं त्याच्या कोठडींत वीसांवर ब्राह्मण गुदमरून मेले. लोक खवळले, त्यास त्यांच्या हवालीं करण्यांत आलें, आणि लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारिलें. परंतु १७७७ पासून चौदा वर्षें त्यास कोतवालीवर कोणीं ठेविलें होतें? तो कारभार नाना फडणविसांचा. त्यांचें मूळ घराणें आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील वेळासचें. विजय तेंडुलकरांनीं १९७२ सालीं हाच प्रश्न रंगभूमीवर मांडिला, तेव्हां मोठा वाद माजला. मेलेल्या कोतवालास शिव्या देणें सोपें. त्यास नेमणाऱ्याकडे बोट दाखविणें कठीण.

पिलाताचेंही तसेंच आहे. हात धुणारा तो एकटाच, असें आपण समजतों. पण अंगणांत ओरडणारा समुदाय कोणाचा होता?

तर मग हीं नांवें टाकून द्यावीं काय? नाहीं. ज्या गरिबास सत्ताधाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याची सोय नसते, तो “मोगलाई माजली” एवढें बोलून आपलें दुःख सांगतो. दुर्बळाचें तें एक शस्त्र आहे. मात्र तेंच शस्त्र बलवानाच्या हातीं गेलें म्हणजे निरपराध्याचा घात होतो. आणि आपल्या हातीं असलें म्हणजे आपणांस स्वतःचा दोष दिसेनासा होतो.

म्हणून बंधुभगिनींनो, यापुढें कोणी कोणास घाशीराम म्हटलें, तर शांतपणें तीन गोष्टी विचाराव्या. त्यानें नेमकें काय केलें? त्यास कोतवाल कोणीं केलें? आणि तें चाललें असतां आपण कोठें होतों? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना आपलें नांव वगळूं नये.