सणाचा शिधा आणि भिक्षेची झोळी

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण चक्रवर्ती महाराजांनी दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद निरूपिले आहेत. हे प्रकरण आपल्याकडे इतक्या वेळा वाचले आणि ऐकले जाते की, देश, काळ आणि पात्र ही तीन पदे बहुतेक सर्व वासनिकांना मुखोद्गत असतात. परंतु या तिन्हींचा विचार आपण सारख्या कसोशीने करतो काय? पात्राची परीक्षा आपण फार करतो. घेणारा व्यसनी आहे काय, आळशी आहे काय, दिलेले विकून टाकील काय, असे प्रश्न दात्यास सहज सुचतात. देशाचाही विचार थोडाफार होतो. काळाचा मात्र आपण पंचांगावरून निकाल लावतो. पर्व आले, सण आला, म्हणजे दानाचा काळ आला, असे समजून मोकळे होतो. ज्यास द्यावयाचे त्याच्या भुकेचा काळ कोणता, हा प्रश्न राहून जातो. प्रस्तुत लेखकाच्या मनातही तो आपणहून उद्भवला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात एका दाराशी उभे राहावे लागले, तेव्हा तो उद्भवला.

हा तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकास आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या अनुयायांस महाराष्ट्रात राहावे, तेलंग देशी जाऊ नये, अशी आज्ञा केली, तिची मर्यादा या बाजूस प्रत्यक्ष नदीच्या पात्राने आखलेली दिसते. येथे कोलाम बांधवांची वस्ती मोठी. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या होत. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. घरात कोलामी बोली, बाहेर मराठी. जमीन असली तर थोडकी आणि बहुधा कोरडवाहू, नसली तर दुसऱ्याच्या शेतातील मजुरी. पूर्वी घरोघर जोंधळा पेरला जाई आणि कणगीत चार दाणे शिल्लक राहत. आता बहुतेक रानात कापूस आणि सोयाबीन. कापूस भूक भागवीत नाही, तो विकून धान्य घ्यावे लागते. पोळा श्रावणाच्या अमावास्येस येतो आणि कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या मागेपुढे निघते. मधल्या भाद्रपदात निंदण आटोपलेले, मजुरी थांबलेली, दुकानदाराची उधारी वाढलेली आणि पीक अजून रानात उभे. सण मात्र याच दिवसांत एकामागून एक येतात.

काही वर्षांपूर्वी अशाच भाद्रपदात जवळच्या गावी मुक्काम असता भिक्षेस एका पोडाकडे जाणे झाले. तिसऱ्या की चौथ्या दाराशी एक वृद्धा बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, आज चूल नाही पेटली. थांबा जरा.” नको म्हणण्यापूर्वीच ती शेजारच्या घरात गेली आणि मूठभर पीठ घेऊन आली. ते तिने उसने आणले होते, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होते. पीठ झोळीत पडले. आचारप्रकरणातील भिक्षाविधी सर्व साधकांस विदित आहे. घर निवडू नये, श्रीमंताचे पाहून जाऊ नये, दरिद्र्याचे पाहून टाळू नये, जे पडेल ते स्वीकारावे, संग्रह करू नये. विधीप्रमाणे सर्व यथायोग्य झाले होते. तरीही त्या दिवशीचे अन्न घशाखाली उतरावयास कष्ट पडले, हे लपविण्यात अर्थ नाही.

परत आल्यावर ही गोष्ट काही वासनिक मंडळींच्या कानी घातली. मंडळी भाविक. दिवाळीपूर्वी त्यांनी गहू, तांदूळ, डाळ, गूळ आणि तेल यांच्या पिशव्या बांधल्या आणि त्या पोडावर नेल्या. प्रस्तुत लेखकही सोबत होता. पिशव्या वाटल्या जाऊ लागल्या. ती वृद्धा मागे उभी होती. तिचा क्रम आला तेव्हा तिने विचारले, “हे वापस कवा द्या लागते?” देणारा गृहस्थ प्रेमाने हसला आणि म्हणाला, “माय, हे दान आहे. परत द्यायचे नाही.” ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “मंग अर्धंच द्या.”

मंडळींना तिचा भोळेपणा वाटला. काहींना निर्लोभता वाटली आणि त्यांनी तिची स्तुती केली. लेखकास त्या वेळी काहीच सुचले नाही. पुढे पुष्कळ दिवस तो शब्द मनातून जाईना.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी दोन शंकांचा विचार केला पाहिजे, कारण त्या आपल्याच मंडळींकडून ऐकू आल्या. पहिली अशी की, जीव आपापल्या कर्माचे फळ भोगीत असतो, त्यात आपण मध्ये पडण्याचे कारण काय? या शंकेचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन लपला, ती लीळा लहान मुलांसही ठाऊक आहे. पारधी आले आणि त्यांनी आपले भक्ष्य मागितले. तेथे सर्वज्ञांनी सशाच्या कर्माचा हिशेब मांडला नाही. तो शरण आला आहे एवढेच पाहिले, त्यास राखले आणि पारध्यांसही हिंसेपासून वळविले. कर्मसिद्धान्त जीवाने आपल्या दुःखाविषयी विचार करण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी त्याचा उपयोग करणे हा त्या सिद्धान्ताचा विपर्यास होय.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. पोळा काय, दिवाळी काय, हे देवताभजनाचे सण. त्यांसाठी शिधा पुरविणे म्हणजे देवताभक्तीस साह्य करणे नव्हे काय? ही शंका घेणारे गृहस्थ आचाराविषयी दक्ष आहेत, म्हणून तिचा उपहास करता येत नाही. परंतु सणाच्या दिवशी पोडावरील मुलास काय होते, ते पाहावे. एरवी सर्वांच्याच घरी भाकरी आणि मिरची असते, तेव्हा उणेपण झाकलेले राहते. शेजारच्या गावात कढई चढते आणि वास येतो, त्या दिवशी ते उघडे पडते. त्या मुलाची पोटातली आग देवतेची नव्हे आणि तेलाच्या धारेने जी शमते तीही देवता नव्हे. आपण त्या मुलास अन्न देतो, पूजाविधी देत नाही.

येथे ओघाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून दारोदार हिंडतात आणि बोजारा मागतात. सावकाराचे मूल मागते आणि सालदाराचेही मागते, त्यामुळे त्या दिवशी मागण्यात कोणास लाज वाटत नाही. सणाचा देवताभाग आपणास त्याज्य आहेच. पण लोकांनी मागणाऱ्याची लाज नाहीशी करण्याची ही जी युक्ती काढली, ती विचार करण्याजोगी आहे.

मागणे दोन प्रकारचे असते. संन्यासी मागतो तेव्हा तो मागण्याने अहंकार झिजवितो. त्याने सोडले आहे, म्हणून तो मागतो. लोक त्यास ‘बाबा’ म्हणून दंडवत घालतात. भुकेला मागतो तेव्हा त्याच्यापाशी सोडण्यास काहीच नसते आणि त्याच्या मागण्याने झिजते ते त्याचे सत्त्व. हात तोच, पदार्थ तोच, पण एकाची झोळी भरताना देणारा वाकतो आणि दुसऱ्याची भरताना देणारा ताठ होतो. चारी वर्णांच्या दारी भिक्षा करण्यास सांगणाऱ्या पंथात हा भेद कसा उरावा? गीतेत असत्कारपूर्वक आणि अवज्ञेने दिलेले दान तामस म्हटले आहे. तेथे पदार्थाचा दोष सांगितलेला नाही. उत्तम गहूही तामस दान होऊ शकतो.

आता त्या वृद्धेच्या प्रश्नाकडे येऊ. तिने भाद्रपदात मूठभर पीठ उसने आणून झोळीत घातले, म्हणजे आमच्यासाठी ती ऋणी झाली. ते तिने शेजारणीस फेडलेही असेल. तिच्या जगात धान्य असेच फिरते, आज माझे तुझ्याकडे, उद्या तुझे माझ्याकडे. दिवाळीत तिच्यापुढे एक असे धान्य आले की जे परत करण्याची सोय नव्हती. जेवढे मनास झेपले तेवढे तिने घेतले. जे तिने नाकारले, त्याचे तिला ओझे होत होते.

कोणी म्हणेल की, प्रत्युपकार न करणाऱ्यास द्यावे असे सात्त्विक दानाचे लक्षण आहे, मग परतफेडीची भाषा तेथे कशी चालेल? लेखकाच्या अल्पमतीप्रमाणे याचे समाधान असे आहे. फळाची अपेक्षा ठेवू नये हा नियम दात्याच्या चित्तासाठी आहे. घेणाऱ्याने फेडण्याची इच्छा धरू नये, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. ती इच्छा हा त्याचा स्वधर्म आहे. ‘परत द्यायचे नाही’ असे म्हणताना आमच्या मित्राने स्वतःची निरपेक्षता प्रकट केली, पण त्याच वाक्याने तिचा अधिकार काढून घेतला. दात्याने परतफेडीची वाट पाहू नये आणि परतफेडीचे दारही बंद करू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स नगरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या सद्गृहस्थांनी अन्नाची पहिली पेढी उघडली. उरलेले पण चांगले अन्न ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते तेथे ठेवावे आणि ज्यांस हवे त्यांनी न्यावे, अशी कल्पना. आज जगभर अशा पेढ्या आहेत आणि नाताळच्या सुमारास त्यांच्या दाराशी गर्दी होते. कार्य थोरच आहे. परंतु त्या पेढीत ठेवणारा एक आणि काढणारा दुसरा. आपल्याकडे केंद्र शासनाने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्यकोशाची योजना आखली, तिच्यातील विचार निराळा होता. तुटीच्या महिन्यांत कुटुंबाने कोशातून धान्य उसने न्यावे आणि सुगीनंतर परत भरावे. म्हणजे नेणाराच ठेवणारा. राज्य शासनाची खावटी कर्जाची योजना त्याहून जुनी, १९७८ ची. पावसाळ्यातील तूट भागविणे हाच तिचा हेतू होता, म्हणजे काळ बरोबर ओळखलेला होता. कोरोनाच्या संकटात २०२० मध्ये खावटीचे रूपांतर अनुदानात झाले आणि प्रत्येक कुटुंबास चार हजार रुपये मंजूर झाले, अर्धे रोख आणि अर्धे वस्तुरूपाने.

२०२२ च्या दिवाळीपासून शासनाने ‘आनंदाचा शिधा’ सुरू केला. शंभर रुपयांत रवा, साखर आणि हरभरा डाळ प्रत्येकी एक किलो व एक लिटर पामतेल. यवतमाळ हा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी असल्याने येथील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तो लागू होता. पुढे गुढीपाडवा आणि गणेशोत्सवासही तो दिला गेला. शंभर रुपये मोजून घ्यावयाचा असल्याने घेणाऱ्याची मान खाली जात नसे, हा त्यातील गुण लेखकास मोठा वाटतो. पिशवीवर राज्यकर्त्यांची छायाचित्रे होती, हा दोष. पहिल्या वर्षी काही ठिकाणी दिवाळी उलटल्यावर शिधा पोहोचला आणि २०२५ च्या दिवाळीत तो मिळालाच नाही. जे सणापुरते येते ते सणासारखेच निघून जाते. त्याच्या उलट, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य आहे. अंत्योदय कुटुंबास महिन्यास ३५ किलो, इतर प्राधान्य कुटुंबांस माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य. ते कोणाचे दान नव्हे, तो वाटा आहे. तो घेताना कोणी ‘वापस कवा’ असे विचारीत नाही, कारण आपल्या वाट्याची परतफेड नसते. परंतु या धान्यात तेल नाही, डाळ नाही, मिरची नाही. भाद्रपदात अडते ते तेथे.

आमच्या मंडळींपुढे लेखकाने ठेवलेली सूचना साधी आहे. संन्याशाने संग्रह करावयाचा नाही, म्हणून हे काम वासनिकांचे. दिवाळीच्या पिशव्यांचा खर्च तेवढाच ठेवून ते तेल, डाळ आणि जोंधळा आषाढाअखेर पोडावर पोहोचवावे. पोडातीलच एखाद्या जाणत्या बाईच्या स्वाधीन करावे, कुलूपही तिचेच. रांग नको, फलक नको, छायाचित्र नको. ज्यास लागेल त्याने उसने म्हणून न्यावे, सुगीनंतर जमेल तेवढे आणून टाकावे. वही ठेवावयाची की नाही, ते पोडाने ठरवावे. ज्या घरास काहीच परत करता येत नाही, तेथे कोणी विचारू नये, आणि जे घर मूठभर आणून टाकील त्यास ‘राहू द्या’ असेही कोणी म्हणू नये. मंडळींपैकी काहींना हे पटले. काहींचे म्हणणे पडले की, मग आपण दिले हे समजणार कसे? त्यांच्याशी बोलणे अजून चालू आहे.

एक गोष्ट मात्र लेखकास स्वतःस सुटलेली नाही आणि ती जाणत्यांपुढे ठेवणे प्राप्त आहे. पुढील भाद्रपदात त्याच वाटेने भिक्षेस जाणे झाले, तर त्या दाराशी उभे राहावे काय? उभे राहिलो तर ती पुन्हा शेजारणीकडे जाईल. टाळून पुढे गेलो तर दरिद्र्याचे घर म्हणून टाळल्याचा दोष लागेल आणि तिलाही ते कळेल. आपण गरीब आहो म्हणून बाबा थांबले नाहीत, हे कळणे तिला उपासाहून जड जाईल असे वाटते. विधी एक सांगतो, दया दुसरे सुचविते, आणि तिचा मान कोणत्या बाजूस आहे, याविषयी लेखकाचे मन दर वेळी निराळा कौल देते. अधिकरणांनी आणि वडील महंतांनी या प्रश्नाचा निर्णय कळवावा, ही नम्र विनंती. दंडवत प्रणाम.